परभणीचे पाच बाइट: ब्राउझरमधला जुना संगणक आणि मराठी दप्तर

१/१३
२०२३ साली मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि अभिलेख कक्षांतील जुनी दप्तरे सोडली गेली. काही कागद मोडीत होते, काही उर्दूत. कारण परभणीसह सारा मराठवाडा सप्टेंबर १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. त्या नोंदी वाचण्यासाठी शासनाला मोडी आणि उर्दूचे जाणकार शोधावे लागले.

२/१३
कागद टिकला होता आणि लिपी जाणणारा माणूस सापडला, म्हणून नोंद वाचता आली. हाच प्रश्न १९९०च्या सुमारास फ्लॉपीवर साठवलेल्या मराठी मजकुराविषयी विचारला, तर उत्तर अवघड आहे. फ्लॉपीवरील अक्षर डोळ्यांना दिसत नाही. ते वाचायला त्या काळचा संगणक लागतो, आणि तो बहुधा केव्हाच भंगारात गेलेला असतो.

३/१३
यावरचा उपाय म्हणजे इम्युलेशन: आजच्या संगणकावर जुन्या संगणकाची हुबेहूब नक्कल चालवणे. जुन्या यंत्राची स्मृती आकड्यांच्या एका लांब रांगेत मांडली जाते. जुन्या प्रोसेसरची एकेक आज्ञा वाचून तिचा परिणाम त्या रांगेवर घडवला जातो. फ्लॉपीच्या जागी तिची बाइटागणिक उतरवलेली प्रत येते, १.४४ एमबी फ्लॉपीची अशी प्रत १४,७४,५६० बाइटांची असते.

४/१३
ही नक्कल ब्राउझरमध्ये आणण्याचे एक गाजलेले पाऊल २०११ साली पडले. फ्रेंच प्रोग्रामर फाब्रिस बेलार याने जावास्क्रिप्टमध्ये एक पीसी उभा केला आणि त्यावर लिनक्स सुरू करून दाखवले. २०१५च्या आरंभी इंटरनेट आर्काइव्हने डॉसच्या काळातील सुमारे २,४०० खेळ ब्राउझरमध्ये खेळता येतील असे खुले केले. २०१७पर्यंत वेबअसेम्ब्ली हे तंत्र प्रमुख ब्राउझरांत आले आणि ही यंत्रे अधिक वेगाने धावू लागली.

५/१३
मूळ यंत्र आजच्या मानाने फारच साधे होते. ऑगस्ट १९८१मध्ये आलेल्या आयबीएम पीसीचा ८०८८ प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झ वेगाने चाले. त्याच्या पडद्यावर ८० स्तंभ आणि २५ ओळी मावत. उमटू शकणारी चिन्हे २५६. त्यांच्या आकृत्या डिस्प्ले कार्डावरील रॉम चिपमध्ये कायमच्या बसवलेल्या असत. त्या २५६ चिन्हांत देवनागरीचे एकही अक्षर नव्हते.

६/१३
ही उणीव भरून काढण्याचे काम आयआयटी कानपूर येथे सुरू झाले. प्रा. आर. एम. के. सिन्हा आणि मोहन तांबे यांच्या प्रयत्नांतून भारतीय लिप्यांचे ‘जिस्ट’ तंत्रज्ञान आकाराला आले. १९८८ साली पुण्यात सी-डॅक स्थापन झाली आणि हे काम तेथे पुढे गेले. जिस्ट कार्ड पीसीत बसवले, की इंग्रजीसाठी लिहिलेल्या डॉसच्या प्रोग्राममध्येही मराठी मजकूर भरता येई.

७/१३
अक्षर साठवण्याची पद्धतही ठरवावी लागली. तिचे नाव इस्की. १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने ती प्रमाण म्हणून स्वीकारली. ० ते १२७ हे क्रमांक इंग्रजीकडे तसेच राहिले आणि वरच्या १२८ क्रमांकांच्या पट्ट्यात भारतीय अक्षरे बसवली गेली. पीसीच्या मूळ चिन्हसंचात मात्र त्याच पट्ट्यातील बरेचसे क्रमांक चौकटी आखण्याच्या रेषांना दिलेले होते.

८/१३
याचा परिणाम एका शब्दावरून कळतो. इस्कीत ‘परभणी’ हा शब्द पाच बाइटांचा आहे: प २००, र २०७, भ २०३, ण १९३ आणि दीर्घ वेलांटी २२०. जिस्ट कार्ड असलेल्या पीसीवर तेथे ‘परभणी’ दिसे. कार्ड नसलेल्या पीसीवर त्याच पाच बाइटांची आकृती अशी उमटते: ╚╧╦┴▄

९/१३
ब्राउझरमधल्या संगणकाची मर्यादा नेमकी येथे उघड होते. नक्कल प्रोसेसरची झाली, स्मृतीची झाली, पडद्याचीही झाली. पण कार्डाची झाली नसेल, तर मराठी फाइल उघडूनही हाती रेघोट्याच येतात. विलायती खेळाला मूळ पीसीची नक्कल पुरते. जिस्टवर लिहिलेल्या मराठी मजकुराला पुण्यात घडलेल्या त्या कार्डाची नक्कलही लागते.

१०/१३
सुदैवाने इस्कीचा तक्ता प्रकाशित आहे. युनिकोडमधील देवनागरीची मांडणीही इस्कीच्या १९८८च्या आराखड्यावर आधारलेली आहे. त्यामुळे २०० या क्रमांकाचा ‘प’ आजच्या ‘प’मध्ये बदलणे सोपे जाते. पुढे विंडोजच्या काळात अनेक फाँटांनी आपापले क्रमांक वापरले. तो मजकूर सोडवायचा तर कोणता फाँट वापरला होता, ही माहिती आधी हवी.

११/१३
अक्षरे सुटली, तरी काम संपत नाही. डेटाबेसमध्ये नोंदी कशा जोडल्या, बेरजा कशा झाल्या, छापील नमुन्यात कोणता रकाना कोठे पडला, हे सारे प्रोग्राममध्ये दडलेले असते. फाइलीतून मजकूर मिळतो. त्याचा वापर कसा होत असे, हे तो प्रोग्राम चालवल्यावरच समजते. इतिहासाच्या अभ्यासकाला इम्युलेटर हवा तो यासाठी.

१२/१३
अशा फायलींत भूगोलही जुनाच असतो. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळा झाला. त्यापूर्वीच्या जिल्हानिहाय यादीत हिंगोली, वसमत आणि कळमनुरी ही गावे परभणीखालीच शोधावी लागतात. आजच्या नकाशावरून तपासणाऱ्याला ती नोंद चुकीची वाटेल. तिच्या काळात ती बरोबर होती.

१३/१३
घरात, शाळेत किंवा संस्थेत जुनी फ्लॉपी सापडली, तर ती पुसून टाकू नये. आधी तिची बाइटागणिक प्रत करावी. प्रोग्राम, फाँट आणि यंत्रात बसवलेले कार्ड यांची नावे टिपून ठेवावीत. मोडी जाणणारी माणसे उरली होती, म्हणून निजामकाळातील कागद बोलू शकले. १९९०च्या मराठी दप्तराला असा वाचक हवा असेल, तर तो आजच घडवावा लागेल.