तिकिटावरच्या बीबी मरियम

१९५५ साली पूर्व जर्मनीने सहा टपाल तिकिटांची मालिका काढली. त्यातल्या ७० फेनिगच्या तिकिटावर बीबी मरियम आहेत आणि त्यांच्या हातांवर बाळ हजरत ईसा. सरकार कम्युनिस्ट, धर्माला अफूची गोळी मानणारे. मग त्याच्या तिकिटावर मरियम कशा आल्या?

इटलीचा चित्रकार राफाएल याने हे चित्र १५१२-१३च्या सुमारास काढले. पोप दुसरे ज्युलियस यांनी ते पियाचेन्झा शहरातल्या सान सिस्तो चर्चच्या वेदीसाठी करवून घेतले होते. अडीच मीटरहून उंच कॅनव्हास. हिरवा पडदा बाजूला सरलेला, मरियम ढगांवरून पुढे येत आहेत, एका बाजूला संत सिक्स्टस, दुसऱ्या बाजूला संत बार्बरा आणि अगदी खाली हात टेकून वर पाहणारे दोन बालफरिश्ते. चर्चमध्ये गुडघे टेकणाऱ्यांसाठी हे चित्र इबादतीचा भाग होते.

१७५४ साली सॅक्सनीचा अधिपती तिसरा ऑगस्टस याने ते विकत घेऊन ड्रेस्डेनला नेले. वेदी सुटली, चित्र राजाच्या संग्रहात गेले. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी सोव्हिएत फौजांनी ते मॉस्कोला नेले आणि १९५५मध्ये परत केले. तिकीट त्या परतीचे आहे. मरियम तिथे आल्या त्या परत मिळालेल्या राष्ट्रीय मालमत्तेच्या रूपाने.

पुढे १९९५ साली अमेरिकेने प्रेमाची तिकिटे काढली. त्यांवर याच चित्रातले फरिश्ते घेतले. आई आणि मूल मात्र गाळले. २०१२मध्ये चित्राच्या पाचशे वर्षांनिमित्त जर्मनी आणि व्हॅटिकनने संयुक्त तिकीट काढले.

हे सारे आम्ही धानोऱ्याच्या वाचकांपुढे का मांडतो? तसबिरीपुढे झुकणे आम्हाला मंजूर नाही, पण मरियम आम्हाला परक्या नाहीत. कुरआन शरीफमध्ये नावाने उल्लेख झालेली स्त्री एकच, त्या मरियम. एकोणिसावी सूरत त्यांच्याच नावाची आहे.

शिवाय मरियमची तसबीर आपल्या मुलखाच्या बाजूनेही गेलेली आहे. गोव्याचे जेझुइट पाद्री सुरत-मांडूच्या वाटेने निघून फेब्रुवारी १५८०मध्ये फतेहपूर सिक्रीला पोचले. आपला नंदुरबारचा मुलूख सुरत आणि मांडू यांच्या मधलाच. रोमच्या सांता मारिया माज्जोरे चर्चमधल्या तसबिरीची नक्कल त्यांच्यापाशी होती. बादशहा अकबर ती पाहायला गेला, दरबारच्या मुसव्विरांनाही घेऊन गेला. पुढे मुघल मुसव्विरांनी मरियमची चित्रे काढली, ती मुरक्क्यांमध्ये जपली गेली. तिथे वेदी नव्हती, कुणी गुडघे टेकत नव्हते. पण अदब होता.

इबादत आणि अदब यांतला हा फरक आपल्या पूर्वजांना कळत होता. तो विसरला की माणूस एक तर चित्रापुढे वाकतो, नाही तर चित्राचा इतिहासच वाचायचे नाकारतो.

ते दोन फरिश्ते आज भेटकार्डांवर, कपांवर, वह्यांवरही दिसतात. आपल्या मुलांच्या हाती ते आले, तर फरिश्ते वर कुणाकडे पाहत आहेत, एवढे त्यांना जरूर सांगावे.