जिते ते महाविद्यालय : प्रवेशाची तयारी दाखल्यांपासून

दहावीचा निकाल लागला की शहरातील घरांत टक्केवारी आणि ‘कट-ऑफ’ यांचीच चर्चा सुरू होते. पनवेल-रोहा रेल्वेमार्गावरील जिते परिसरात मात्र प्रवेशाचे गणित निराळे आहे. पनवेलकडून येताना पेणच्या आधी दोन स्थानके असलेले हे गाव पेण तालुक्यात मोडते. शेजारच्या हमरापूर, जोहे, कळवे या पट्ट्यात गणेशमूर्तींचे कारखाने आहेत. २०२५ मध्ये दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि गणेशचतुर्थी २७ ऑगस्टला आली. म्हणजे अर्ज, दाखले आणि प्रवेशफेऱ्या यांचा सारा काळ कारखान्यांच्या ऐन हंगामात गेला. ज्या घरात रंगकामाला हात अपुरे पडतात, तेथे तहसील कार्यालयात खेपा घालायला कोणाला सवड असणार? गुण पुरेसे असूनही केवळ कागदाअभावी जागा हातची जाण्याचा धोका येथे म्हणूनच अधिक.

यातील सर्वांत वेळखाऊ कागद म्हणजे जात वैधता प्रमाणपत्र. अकरावीच्या प्रवेशासाठी जातीचा दाखला पुरतो. परंतु अभियांत्रिकी, औषधनिर्माण, वैद्यकीय अशा व्यावसायिक अभ्यासक्रमांतील राखीव जागांसाठी वैधता लागते. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५० आणि अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० या तारखांपूर्वीचा पुरावा विचारला जातो. व्यवहारात त्याचा अर्थ आजोबा किंवा पणजोबांच्या शाळेच्या रजिस्टरातील नोंद असा होतो. ती जिल्हा परिषदेच्या एखाद्या जुन्या शाळेत सापडते, कधी आडनावातील फरकासह सापडते, आणि मग दुरुस्तीचे निराळेच प्रकरण सुरू होते. हा शोध मूल नववीत असतानाच घ्यावा. वडिलांच्या बाजूच्या रक्तनात्यातील कोणाकडे वैधता प्रमाणपत्र असल्यास त्याची प्रत मिळवून ठेवावी, तिचा मोठा उपयोग होतो. मागील पिढ्या शाळेतच गेल्या नाहीत अशा कातकरी कुटुंबांना महसुली नोंदींचा आधार शोधावा लागतो. त्यांच्यासाठी पेण येथील एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय हे पहिले ठिकाण होय. आदिवासी वसतिगृहे आणि वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठीची ‘स्वयम्’ योजना यांची चौकशीही तेथेच करता येते.

उत्पन्नाचा दाखला आणि नॉन-क्रीमीलेयर प्रमाणपत्र यांना मुदत असते, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. मोठ्या भावंडाच्या वेळचे कागद धाकट्याला चालतीलच असे नाही.

अकरावीचे प्रवेश २०२५-२६ या शैक्षणिक वर्षापासून संपूर्ण राज्यात केंद्रीय ऑनलाइन पद्धतीने सुरू झाले. मुंबईत ही पद्धत २००९ पासून रुळलेली होती, रायगडच्या ग्रामीण भागाला ती नवी. त्या वर्षी विद्यार्थ्याला किमान एक आणि कमाल दहा पसंतिक्रम देता येत होते. पहिल्या पसंतीचे महाविद्यालय मिळाल्यास तेथे प्रवेश घेणे बंधनकारक होते. न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांचे दार बंद. त्यामुळे मित्राने भरले म्हणून मुंबईचे नामांकित महाविद्यालय पहिल्या क्रमांकावर टाकणे हा धाडसी खेळ ठरतो. नियम दरवर्षी नव्याने वाचावेत हे उत्तम. २००८ चे पर्सेंटाइल सूत्र आणि २००९ चा ९०:१० कोटा न्यायालयात टिकले नाहीत, तर २०१० चे ‘बेस्ट फाइव्ह’ उच्च न्यायालयात फेटाळले जाऊन सर्वोच्च न्यायालयात तरले, हा इतिहास फार जुना नाही.

पसंतिक्रम लावताना रेल्वेचे वेळापत्रक शेजारी ठेवावे, ही सूचना शहरी वाचकाला गमतीची वाटेल. पण या मार्गावर थांबणाऱ्या गाड्या मोजक्या आहेत. सकाळची गाडी चुकली तर रस्त्याने जावे लागते आणि प्रात्यक्षिकांमुळे परतीलाही उशीर होतो. पेणला भाऊसाहेब नेने महाविद्यालय जवळ आहे. उलट दिशेला पनवेलमध्ये पर्याय अधिक, परंतु रोजची दगदगही अधिक. विज्ञान शाखेच्या विद्यार्थ्याचे रोज तीन तास प्रवासात जाणार असतील, तर जवळच्या साध्या महाविद्यालयातील शांत अभ्यास मोलाचा ठरतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. रोह्याच्या महाविद्यालयाला डॉ. सी. डी. देशमुख यांचे नाव आहे. १९१२ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिले आलेले आणि १९४३ मध्ये रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झालेले देशमुख याच परिसरातील होते.

मराठी माध्यमातून आलेल्यांना विज्ञान शाखेत इंग्रजीचा अडसर जाणवतो. राज्याच्या एमएचटी-सीईटीत भौतिक, रसायन व जीवशास्त्राचे प्रश्न मराठीतही उपलब्ध असतात. गणिताचे मात्र केवळ इंग्रजीत. दहावीनंतरच्या सुट्टीत गणिताच्या इंग्रजी संज्ञा पाठ केल्या तरी बरेच काम होते. या परीक्षेत सुमारे २० टक्के भार अकरावीच्या अभ्यासक्रमाला असतो, हेही विसरू नये. ‘अकरावी म्हणजे विश्रांतीचे वर्ष’ ही समजूत महागात पडते.

तथापि, अकरावी-बारावी हा एकच मार्ग नाही. रोह्याजवळील धाटावची रासायनिक वसाहत, नागोठण्याचा पेट्रोकेमिकल प्रकल्प आणि डोलवीचा पोलाद कारखाना यांच्या भूमीत आयटीआय आणि तंत्रनिकेतन यांना दुय्यम लेखणे अनाकलनीय आहे. दहावीनंतरच्या तीन वर्षांच्या पदविकेनंतर अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश घेता येतो. जिल्ह्यातच लोणेरे येथे १९८९ च्या कायद्याने स्थापन झालेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ आहे, आणि जित्यापासून जवळच रसायनी परिसरातही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. आयटीआय व पदविका यांचे प्रवेश अकरावीच्या प्रवेशाहून स्वतंत्र असतात. दोन्ही अर्ज एकाच वेळी भरून ठेवण्यास हरकत नाही.

खर्चाच्या धास्तीने मुलींचे व्यावसायिक शिक्षण अडते, ही जुनी तक्रार आहे. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि इतर मागास वर्गातील, वार्षिक ८ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून घेतलेल्या मान्यताप्राप्त व्यावसायिक अभ्यासक्रमांत शिक्षण शुल्क व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत मिळते. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतल्यास ती मिळत नाही. तिच्यात वसतिगृह आणि भोजनाचा खर्च येत नाही, तो घरच्या अंदाजपत्रकात वेगळा धरावा लागतो. महाडीबीटी संकेतस्थळावरील अर्ज पहिल्या वर्षी भरून भागत नाही. दरवर्षी नूतनीकरण करावे लागते, आणि बँक खाते आधारशी जोडलेले असावे लागते.