गुहेच्या नकाशातून निघालेला खेळ

पडद्यावर चित्र नाही, फक्त अक्षरे. आपण टंकायचे ‘उत्तर’, आणि यंत्र पुढच्या दालनाचे वर्णन लिहून दाखवायचे. अशा शब्दखेळांची कुळी शोधत गेले की आपण एका खऱ्याखुऱ्या गुहेपाशी पोचतो. अमेरिकेच्या केंटकी राज्यातल्या मॅमथ गुहेचा तो ‘बेडक्विल्ट’ नावाचा भाग.

विल क्राउदर हा बीबीएन या कंपनीतला प्रोग्रॅमर, इंटरनेटचे पूर्वरूप असलेले आर्पानेट उभारणाऱ्यांपैकी एक. तो आणि त्याची पत्नी पॅट हौसेने गुहा मोजत आणि त्या मापांवरून संगणकावर नकाशे काढत. फ्लिंट रिज आणि मॅमथ या दोन गुहा आतून जोडलेल्या आहेत, हे १९७२ साली ज्या तुकडीने सिद्ध केले तिच्यात पॅट होती. पुढे दोघे विभक्त झाले. त्यानंतर, १९७५–७६च्या सुमारास, क्राउदरने आपल्या दोन मुलींसाठी पीडीपी-१० यंत्रावर फोर्ट्रानमध्ये ‘ॲडव्हेंचर’ लिहिला.

त्याची रचना नकाशासारखीच होती. प्रत्येक जागेला एक क्रमांक, क्रमांकाला एक वर्णन, आणि कोणत्या दिशेला गेल्यास कोणता क्रमांक लागतो याचा तक्ता. खेळणारा एकदोन शब्दांत आज्ञा देई. दिवा घ्यायला विसरला, तर अंधारात खड्ड्यात पडे.

१९७७ साली स्टॅनफर्डच्या डॉन वुड्सने क्राउदरच्या परवानगीने त्यात खजिने आणि कोडी वाढवली. आर्पानेटवरून खेळ पसरला. त्याच वर्षी एमआयटीत याच धर्तीचा ‘झॉर्क’ हा खेळ आकाराला येऊ लागला. २००५ साली डेनिस जर्झ हा अभ्यासक प्रत्यक्ष गुहेत उतरला, आणि मूळ खेळातली वाट खऱ्या गुहेशी किती इमानाने जुळते हे त्याने दाखवून दिले.

मला हे कूळ फार जवळचे वाटते, कारण आमच्या शहराजवळ बालाघाटाच्या डोंगरात धाराशिव लेणी आहेत. क्राउदरच्या शंभर वर्षे आधी, १८७५–७६च्या हंगामात, जेम्स बर्जेस या पुरातत्त्वज्ञाच्या सर्वेक्षणाने निजामाच्या राज्यातल्या याच लेण्यांची नोंद घेतली: ओसरी, खांबांचे दालन, भिंतींतल्या खोल्या, गाभाऱ्यातली मूर्ती. बर्जेसचा अहवाल आणि क्राउदरचा खेळ यांचे काम एकच आहे. जो तिथे नाही त्याला शब्दांनी आत नेणे. क्राउदरने त्यात एकच भर घातली: पुढे कुठे वळायचे, हे वाचणाऱ्यावर सोडले.

ज्यांनी ते खेळ खेळले त्यांना आजही हुरहुर लागते ती याच स्वातंत्र्याची. खेळातल्या चक्रव्यूहाची सगळी दालने सारखीच दिसत, म्हणून खेळाडू प्रत्येक ठिकाणी हातातली एखादी वस्तू खूण म्हणून टाकत, कागदावर पेन्सिलीने वाटा जोडत. मोजणी करणाऱ्याने जे केले, तेच खेळणारा नकळत शिके. चित्रांच्या खेळात जागा आयती मिळते. इथे ती मनात बांधावी लागे.

ती विद्या लोपलेली नाही. २००९ साली ख्रिस क्लायमसने तयार केलेले ‘ट्वाइन’ हे असे शब्दखेळ रचण्याचे साधन फुकट मिळते, त्यात देवनागरीत लिहिता येते आणि प्रोग्रॅमिंग येण्याची अट नाही. धाराशिवच्या शाळेतल्या मुलांनी वही आणि मोजपट्टी घेऊन लेणी चढावीत. दालनामागून दालन स्वतःच्या मराठीत लिहावे. मूर्ती बुद्धाची की पार्श्वनाथाची, या जुन्या वादाची कोडी घालावीत. गुहा मोजून खेळ लिहिणे हीच या कुळाची रीत आहे, आणि मोजायला लेणी आपल्या दाराशी आहेत.