तबकडीवरील तुकडेजोड

वाशीम जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबास ‘तुकडा’ या शब्दाचा अर्थ कोशांत पाहावा लागत नाहीं. आजोबांची सलग जमीन मुलांत वांटली जाते, मुलांची नातवांत. आणि दोन-तीन पिढ्यांत अशी स्थिति येते कीं, एकाच खातेदाराचें सोयाबीन गांवाच्या उत्तरेस, कपाशी ओढ्यापलीकडे आणि तूर तिसऱ्याच शिवारांत. कागदावर क्षेत्र पुरेसें दिसतें. परंतु बैल, औत आणि माणूस यांची बरीचशी शक्ति वाटेवरच खर्च होते. या दोषावर उपाय म्हणून मुंबई प्रांतांत १९४७ सालीं तुकडेबंदी व तुकडेजोड यांचा कायदा झाला, आणि पुढें तो विदर्भासही लागू करण्यांत आला. त्या कायद्याचीं अंगें दोन : नवे तुकडे पडूं न देणें हें एक, आणि पडलेले तुकडे सलग करणें हें दुसरें.

हाच रोग आणि हेच दोन उपाय संगणकाच्या इतिहासांतही आढळतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. घरचा संगणक मंद झाला म्हणजे ‘तबकडीची तुकडेजोड करून घ्या’ असा सल्ला कोणीतरी देतोच. त्याकरितां कोणता कार्यक्रम निवडावा, फुकटचा कीं विकतचा, असा प्रश्न मग उभा राहतो. घरांतील छायाचित्रें, मुलांचे दाखले, जमिनीचे व कराचे कागद हें सर्व ज्या तबकडीवर आहे, तिच्यावर कोणतें हत्यार चालवावें हा कांहीं किरकोळ प्रश्न नव्हे. त्याचें उत्तर जाहिरातींपेक्षां इतिहासांतच अधिक स्पष्ट मिळतें.

फिरत्या तबकडीवर माहिती सांठविणारें पहिलें विक्रीयोग्य यंत्र आयबीएम कंपनीनें १९५६ सालीं पुढें आणलें. त्यांत दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि त्यांवर पन्नास लक्ष अक्षरें मावत. आकार पुढें तळहाताएवढा झाला, तरी तत्त्व तेंच राहिलें. तबकडी फिरते आणि वाचणारा सूक्ष्म कांटा तिच्यावर आंत-बाहेर सरकतो. मिनिटास ७२०० फेरे घेणारी तबकडी सेकंदास १२० फेरे घेते. म्हणजे हवा तो भाग कांट्याखालीं येण्यास सरासरी अर्धा फेरा, सुमारें चार सहस्रांश सेकंद, लागतो. कांटा सरकण्यास आणखी आठ-नऊ सहस्रांश धरावे. एका तुकड्यास ही वेळ नगण्य वाटते. परंतु एका फाइलीचे हजार तुकडे झाले असतील तर केवळ धांवपळींतच बारा-तेरा सेकंद जातात. शेतकऱ्याची जी पायपीट, तीच येथें कांट्याची.

तुकडे पडतात कसे? १९७७ सालीं मायक्रोसॉफ्टमध्यें तयार झालेल्या ‘फॅट’ नांवाच्या पद्धतींत तबकडीचे समान खण पाडलेले असतात, आणि एका नोंदवहींत कोणत्या खणानंतर कोणता खण वाचावयाचा हें लिहिलेलें असतें. जुनी फाइल पुसली कीं मध्यें जागा मोकळी होते. नवी फाइल त्या जागेंत मावली नाहीं तर उरलेला भाग दूर कोठेंतरी जातो. नोंदवही बिनचूक असल्यामुळें माहिती हरवत नाहीं. फक्त ती गोळा करण्यास वेळ लागतो. १९८३ च्या आयबीएम पीसी-एक्सटी या यंत्रांत दहा मेगाबाइटची कायम तबकडी बसविली गेली, आणि मोठ्या कचेऱ्यांपुरतें असलेलें हें दुखणें लहान संगणकांतही शिरलें.

उपायांच्याही दोन परंपरा झाल्या. पहिली तुकडेबंदीची. कॅलिफोर्नियांतील बर्कली विद्यापीठांत युनिक्स प्रणालीकरितां रचलेल्या आणि १९८४ सालीं प्रसिद्ध झालेल्या नव्या पद्धतींत एका फाइलीचे भाग प्रथमपासूनच शेजारीं-शेजारीं ठेवण्याची काळजी घेतली होती. दुसरी परंपरा तुकडेजोडीची. व्हॅक्स यंत्रांसाठीं १९८६ सालीं ‘डिस्ककीपर’ हा कार्यक्रम आला. पीटर नॉर्टन यांच्या उपयुक्त कार्यक्रमांच्या संचांत ‘स्पीड डिस्क’ समाविष्ट झाला. तो संच पुढें सिमँटेक कंपनीकडे गेला, आणि १९९३ च्या एमएस-डॉस ६ मध्यें मायक्रोसॉफ्टनें त्याच कंपनीकडून परवाना घेऊन ‘डीफ्रॅग’ ही आज्ञा दिली. येथून तुकडेजोड हें निराळें विकत घेण्याचें हत्यार न राहतां प्रणालीबरोबरच मिळूं लागलें.

१९०५ सालीं मोडून अकोला व यवतमाळ यांत वांटला गेलेला जुना वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं पुन्हां उभा राहिला. योगायोग असा कीं, त्याआधीं सहाच दिवस, २५ जून रोजीं, ‘विंडोज ९८’ बाजारांत आली होती. तिच्यांतील तुकडेजोडीनें एक पाऊल पुढें टाकलें : कोणते कार्यक्रम वारंवार उघडले जातात हें पाहून त्यांच्या फाइली उघडण्याच्या क्रमानेंच लावल्या जाऊं लागल्या. २००१ सालीं एमएस-सीआयटीचा अभ्यासक्रम सुरू झाला आणि तालुक्याच्या गांवीं संगणकवर्ग निघाले, त्या काळांत पडद्यावर रंगीत चौकोन सरकत असलेले पाहणें हा अनेकांच्या परिचयाचा देखावा होता.

त्या देखाव्यांत एक धोकाही होता. विदर्भांत तेव्हां भारनियमनाचे तास मोठे. जुन्या फॅट पद्धतींत खणांची हलवाहलव चालू असतां वीज गेली, तर नोंदवही अर्धवट राहण्याची भीति असे. हें भय बऱ्याच अंशीं दूर केलें तें विंडोज एनटीच्या मार्गानें आलेल्या प्रणालींनीं. तेथील ‘एनटीएफएस’ पद्धति बदल करण्यापूर्वीं त्याची टांचणवहींत नोंद करते. शिवाय १९९६ च्या एनटी ४ पासून खण हलविण्याचें काम प्रणालीनें स्वतःकडे घेतलें. बाहेरचा कार्यक्रम फक्त विनंति करतो, हलवितो प्रणाली. विंडोज २००० मध्यें जी तुकडेजोड आली ती डिस्ककीपरचीच मर्यादित आवृत्ति होती. म्हणून नामांकित कार्यक्रमांतील भेद पुढें सुरक्षिततेपेक्षां क्रम लावण्याच्या कौशल्याचा व सोयींचा उरला.

ज्या विभागांत खुद्द प्रणाली नांदते, त्या ‘सी’ ड्राइव्हची अडचण मात्र निराळी. तेथील कांहीं फाइली संगणक चालू असेपर्यंत वापरांत असतात. ज्या खोलींत माणसें बसलीं आहेत तिची फरशी उखडतां येत नाहीं, तसाच हा प्रकार. स्मृतीचा भार वाहणारी ‘पेजफाइल’ त्यांपैकींच एक. मार्क रुसिनोविच यांच्या ‘पेजडीफ्रॅग’नें एक्सपीपर्यंतच्या यंत्रांत ही कामें संगणक सुरू होतांना, प्रणाली पुरती जागी होण्याआधीं, उरकण्याची सोय केली. दुसरी अडचण मोकळ्या जागेची. एक्सपीची तुकडेजोड निदान पंधरा टक्के जागा रिकामी मागे. शेतांची अदलाबदल करण्यासही मध्यें एखादें पडीक शेत लागतेंच. ‘सी’ कांठोकांठ भरला असेल तर उत्तम कार्यक्रमही हतबल होतो. तेथें प्रथम अडगळ काढणें हाच उपाय.

यानंतर मात्र तबकडीच बदलली. नव्या संगणकांतील ‘एसएसडी’ या सांठवणयंत्रांत फिरणारें कांहींच नाहीं. माहिती विजेच्या सूक्ष्म पेशींत राहते आणि जवळचा खण व दूरचा खण जवळजवळ सारख्याच वेळांत सांपडतो. ज्या शेतकऱ्यास प्रत्येक शेतावर एका क्षणांत पोहोंचतां येतें, त्यानें तुकडेजोडीचा खटाटोप कशासाठीं करावा? उलट प्रत्येक पेशी ठराविक वेळांच लिहून-पुसून चालते. म्हणजे निष्कारण हलवाहलव केली तर आयुष्य घटतें. म्हणूनच २००९ च्या विंडोज ७ नें अशा यंत्रावरील नेहमींची तुकडेजोड थांबविली आणि पुसलेल्या जागेची सूचना यंत्रास देणारी ‘ट्रिम’ ही आज्ञा वापरली. २०१२ च्या विंडोज ८ मध्यें तर त्या साधनाचें नांवच बदलून ‘ऑप्टिमाइझ’ झालें, कारण तुकडे जोडणें हें आतां त्याचें एकमेव काम राहिलें नव्हतें.

तेव्हां निवड करतांना पहिला प्रश्न ‘कोणता कार्यक्रम?’ हा नसून ‘कोणती तबकडी?’ हा आहे. विंडोज १० व ११ मधील त्याच साधनाच्या खिडकींत प्रत्येक ड्राइव्हपुढें त्याची जात लिहिलेली असते. ‘सी’ एसएसडीवर असेल तर प्रणालीची आठवड्याची व्यवस्था चालू आहे एवढेंच पाहावें आणि तुकडेजोडीसाठीं एक पैसाही खर्चूं नये. फिरती तबकडी असेल तर आधीं महत्त्वाच्या कागदांची प्रत दुसऱ्या ठिकाणीं करावी, जागा मोकळी करावी, आणि प्रणालीबरोबर आलेलें साधनच चालवावें. वापरांतील फाइली हलविण्यासाठींच बाहेरच्या कार्यक्रमाकडे वळावें, आणि तोही त्याच्या मूळ कर्त्याकडूनच घ्यावा. तबकडी खरखर आवाज करीत असेल, फाइली वाचतांना अडखळत असेल, तर तुकडेजोड मुळींच करूं नये. तें तुकड्यांचें दुखणें नसून तबकडीच्या झिजेचें असण्याचा संभव मोठा, आणि अशा वेळीं हलवाहलवीचा ताण तिचा शेवट जवळ आणतो. तेथें प्रत काढून तबकडी बदलणें हाच शहाणपणा.