गो-कार्टिंग : गाडीवेड्या पोरांसाठी रस्ता नको, ट्रॅक हवा

उसाच्या हंगामात कोल्हापूर जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात गेलं तरी बारा-तेरा वर्षांचं एखादं पोर ट्रॅक्टर वळवताना दिसतं. रिकामी ट्रॉली मागे घेणं भल्याभल्यांना जमत नाही, ते या पोरांना सहज जमतं. घरात त्याचं कौतुकही होतं. पण हेच पोर गाडी घेऊन डांबरी रस्त्यावर आलं की कौतुक संपतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला तर पालकाला किंवा गाडीमालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड होऊ शकतो. गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द होते आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत लायसन्स मिळत नाही. अपघात झाला तर काय, हे वेगळं सांगायला नको.

अशा मुलांसाठी गो-कार्टिंग हा खेळ आहे. तो बंदिस्त ट्रॅकवर होतो, त्याला रस्त्याचं लायसन्स लागत नाही आणि सात-आठ वर्षांच्या वयापासून तो शिकता येतो. शहरातल्या मॉलशेजारी दहा मिनिटांसाठी पैसे भरून फिरवायची गाडी, एवढीच त्याची ओळख अनेकांना आहे. प्रत्यक्षात फॉर्म्युला वनमध्ये आज जे ड्रायव्हर दिसतात ते जवळजवळ सगळे लहानपणी कार्टवरच घडलेले आहेत.

कार्ट म्हणजे नेमकं काय

पहिली कार्ट १९५६ साली अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात आर्ट इंगल्स याने बनवली. तो रेसच्या गाड्या बनवणाऱ्या कंपनीत कामाला होता. त्याने लोखंडी नळ्यांची चौकट जोडली आणि गवत कापायच्या यंत्राचं छोटं दोन स्ट्रोक इंजिन त्यावर बसवलं. म्हणजे हा खेळ जन्मला तोच वर्कशॉपमध्ये, उरलेल्या सामानातून. पुढच्या आठ वर्षांत तो इतका पसरला की १९६४ साली त्याची जागतिक स्पर्धाही सुरू झाली.

रचना आजही तशीच साधी आहे. स्टीलच्या नळ्यांची फ्रेम, मागे इंजिन, चेनने फिरणारा मागचा आख आणि जमिनीला जवळजवळ टेकलेली सीट. शॉकअप नाहीत, लहान मुलांच्या कार्टला गिअरही नाहीत. ब्रेक बहुधा फक्त मागच्या आखाला. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे डिफरन्शिअल नाही.

ट्रॅक्टरवाल्यांना हा मुद्दा पटकन समजेल. चिखलात अडकल्यावर ट्रॅक्टरचं डिफरन्शिअल लॉक टाकलं की मागची दोन्ही चाकं एकाच वेगाने फिरतात, आणि तसंच वळवायला गेलं की ट्रॅक्टर वळायला नकार देतो, सरळ रेटत जातो. कार्टला हे लॉक कायमचंच लागलेलं असतं. मग ती वळते कशी? स्टीअरिंग फिरवल्यावर पुढचं आतलं चाक खाली दाबलं जातं, फ्रेम पीळ खाते आणि मागचं आतलं चाक क्षणभर हलकं होतं, बऱ्याचदा जमिनीवरून उचललंही जातं. तेवढ्या वेळात गाडी वळवून घ्यायची. चाक उचललं गेलं नाही तर गाडी घासत जाते आणि वेग मरतो. जास्त उचललं गेलं तर गाडी उड्या मारते. सीट एक-दोन सेंटीमीटर पुढे-मागे सरकवली, टायरमधली हवा थोडी कमी-जास्त केली तरी हे गणित बदलतं.

चांगला ड्रायव्हर कार्टवर घडतो तो यामुळेच. मोटारीत शॉकअप आणि इलेक्ट्रॉनिक्स चालवणाऱ्याच्या चुका झाकतात. कार्टमध्ये चूक थेट पाठीला जाणवते आणि लॅपच्या वेळेत दिसते. ब्रेक सरळ रेषेत मारायचा, वळणात बाहेरून आत यायचं, आतला कोपरा चाटून परत बाहेर जायचं, नजर पुढच्या चाकावर नाही तर पुढच्या वळणावर ठेवायची. ऐकायला चार गोष्टी, पण त्या हातात बसायला शेकडो लॅप लागतात.

वयोगट आणि स्पर्धा

भारतात मोटरस्पोर्टची अधिकृत संस्था म्हणजे एफएमएससीआय. राष्ट्रीय स्पर्धेत उतरायचं तर तिचं स्पर्धा लायसन्स लागतं. अनेक वर्षं राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धा ऑस्ट्रियाच्या रोटॅक्स कंपनीच्या १२५ सीसी इंजिनांवर झाल्या. साधारण आठ ते अकरा वर्षांची मुलं मायक्रो गटात, बारापासून पुढची ज्युनिअरमध्ये आणि चौदा-पंधरानंतर सिनिअरमध्ये, अशी ढोबळ विभागणी असते. वयाची नेमकी अट त्या-त्या हंगामाच्या नियमावलीत बघून घ्यावी. मोठ्या गटातलं हे इंजिन सुमारे तीस हॉर्सपॉवरचं असतं, तर लहानांसाठी त्याचीच ताकद बरीच कमी केलेली असते.

या इंजिनांना सील असतं. कोणी ते उघडून आत कारागिरी करायची नाही, असा नियम. ज्याच्या बापाकडे पैसा त्याचं इंजिन जास्त पळतं, हे निदान काही प्रमाणात तरी रोखण्यासाठी तो आहे.

कोइमतूरने काय केलं

भारतात रेसिंग म्हटलं की कोइमतूरचं नाव येतं. ते का, हे कोल्हापूरकरांनी नीट बघण्यासारखं आहे. कोइमतूर हे कापड गिरण्यांचं, पंपांचं आणि फाउंड्रीचं गाव. तिथल्या एस. करिवर्धन यांनी परदेशी गाड्यांच्या मागे न लागता मारुती ८०० चं इंजिन लावून स्वस्तातली रेसिंग कार बनवली, ती फॉर्म्युला मारुती. भारताचा पहिला फॉर्म्युला वन ड्रायव्हर नारायण कार्तिकेयन याने सुरुवात केली ती याच गाडीवर, चेन्नईजवळच्या श्रीपेरुंबुदूर ट्रॅकवर. २००५ साली तो जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरला. करिवर्धन यांचं १९९५ मध्ये विमान अपघातात निधन झालं. कोइमतूरचा करी मोटर स्पीडवे त्यांच्याच नावाचा. नंतर आलेल्या एलजीबी फॉर्म्युला ४ गाड्याही देशी इंजिनाच्याच, आणि त्यातलं एलजीबी हे नाव कोइमतूरच्याच चेन बनवणाऱ्या कंपनीचं.

थोडक्यात, ड्रायव्हर नंतर आला. आधी लेथवर काम करणारी माणसं होती, परवडणारी गाडी होती आणि जायला ट्रॅक होता.

यातलं पहिलं कोल्हापूरकडे पिढ्यान्पिढ्या आहे. शिवाजी उद्यमनगरातली वर्कशॉप, शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीतल्या फाउंड्री, तिथे देशभरातल्या गाड्यांचे सुटे भाग ओतले जातात. ट्रॅकही आहे. कोल्हापूरजवळच्या मोहिते रेसिंग ट्रॅकवर राष्ट्रीय रोटॅक्स कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झालेल्या आहेत. इथला कृष्णराज महाडिक २०१७ मध्ये ब्रिटिश फॉर्म्युला ३ पर्यंत पोहोचला, ध्रुव मोहिते फोक्सवॅगनच्या कप शर्यतींत आणि चित्तेश मंदोडी एलजीबी फॉर्म्युला ४ मध्ये पळाला. एवढ्याशा शहराच्या मानाने ही नावं कमी नाहीत.

अडतं ते मधल्या पायरीवर. भाड्याच्या कार्टवर हौस भागवणारं पोर आणि राष्ट्रीय स्पर्धेत उतरणारं पोर यांच्यामध्ये फारसं काही नाही. शिरोळ, कागल किंवा राधानगरीच्या मुलाने कोल्हापूरला येऊन दहा लॅप मारल्या, हात चांगला दिसला, तर पुढे काय? पुढच्या पायरीवर स्वतःची कार्ट, टायरचे सेट, मेकॅनिक आणि परराज्यातले प्रवास येतात. शेतकरी किंवा नोकरदार बाप तिथेच थांबतो, आणि त्याला दोष देता येत नाही.

खर्च कुठे होतो

नवख्या पालकाला वाटतं, एकदा कार्ट घेतली की झालं. खरा खर्च टायरचा. मऊ रबराचे टायर चांगली पकड देतात आणि लवकर संपतात. इंजिन काही तासांच्या चालीनंतर उघडून पिस्टन-बेअरिंग बदलावं लागतं, शिवाय चेन आणि स्प्रॉकेट झिजतात. त्यात मूल वाढत असतं, दोन वर्षांत सीट आणि सूट लहान पडतो.

म्हणून सुरुवातीला कार्ट विकत घेऊच नये. ट्रॅकच्या भाड्याच्या कार्टवर, एकाच ट्रॅकवर, नियमित वेळ घ्यावी आणि प्रत्येक वेळची लॅप वहीत लिहावी. भाड्याच्या कार्ट जड आणि संथ असतात, पण सगळ्यांना सारख्याच मिळतात. अशा कार्टवर सगळे लॅप दोन-तीन दशांश सेकंदांच्या फरकात बसवणारं मूल पुढे न्यायच्या लायकीचं समजावं. एकच लॅप वेगात मारून बाकी वेळ गवतात जाणाऱ्याचं कौतुक जरा बेतानेच करावं. काही आयोजक कार्ट, टायर, मेकॅनिक सगळं देतात आणि एकरकमी फी घेतात. पहिल्या स्पर्धेसाठी तो मार्ग बरा.

जर्मनीतल्या केर्पेनचं उदाहरण इथे उपयोगी पडेल. मायकेल शूमाकरचे वडील गवंडी होते. त्यांनी मुलाच्या पायडल कार्टला मोपेडचं इंजिन जोडलं, पुढे गावच्या कार्ट क्लबात कार्ट दुरुस्तीचं आणि भाड्याने देण्याचं काम धरलं, आई तिथल्या कँटीनमध्ये राबली. नव्या इंजिनाला पैसे नव्हते तेव्हा गावातल्या व्यावसायिकांनी हात दिला. क्लब म्हणजे हेच. चार घरांनी मिळून दोन कार्ट, एक मेकॅनिक, एक टेम्पो. भिशी आणि दूध संस्था चालवणाऱ्या तालुक्यांना ही रचना नवीन नाही. शिवाय मुलाच्या अंगात ड्रायव्हर नसला तरी क्लबात मेकॅनिक, वेळ मोजणारे, झेंडा दाखवणारे मार्शल लागतातच.

सुरक्षेत तडजोड नको

कार्टचा फिरता आख ड्रायव्हरच्या पाठीमागे उघडा असतो. २०१८ मध्ये हरियाणातल्या पिंजोर इथे भाड्याच्या कार्टमध्ये बसलेल्या महिलेचे केस चाकात अडकून तिचा मृत्यू झाला. २०२० मध्ये हैदराबादजवळ असाच प्रकार घडला. त्यामुळे लांब केस घट्ट बांधून हेल्मेटच्या आणि सूटच्या आत, ओढणी-स्कार्फ-मफलर पूर्ण बंद, सैल कुर्ता नाही. कार्टच्या आखावर आणि चेनवर गार्ड आहे का, हे आईबापाने स्वतः वाकून बघावं. नसेल तर पैसे परत मागावेत आणि घरी यावं.

याचा अर्थ मुलींनी येऊ नये असा नाही. वडोदऱ्याची मीरा एर्डा आणि वैमानिक असलेली स्नेहा शर्मा या दोघी कार्टिंगमधूनच पुढे गेल्या. वळणावर हलक्या अंगाचा फायदाच होतो. गटाचं किमान वजन ठरलेलं असल्याने कमी वजनाच्या ड्रायव्हरच्या कार्टला शिसं लावून ते भरून काढतात.

हेल्मेट लहान मुलांच्या मापाचं, हलकं हवं. मोठ्यांचं जड हेल्मेट मुलाच्या मानेवर येतं. बरगड्यांचं संरक्षक जाकीट बहुतेक जण टाळतात आणि पहिल्या दोन दिवसांत पस्तावतात, कारण सीटच्या कडा बरगड्यांनाच लागतात.

पहिल्या दिवशी

पायात बंद बूट, अंगात पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जीन्स. चप्पल-सँडल घालून कुठलाही नीट चालणारा ट्रॅक बसू देत नाही. पोटभर जेवून जाऊ नये. झेंडे आधी समजून घ्यावेत : पिवळा म्हणजे पुढे धोका, वेग कमी आणि ओव्हरटेक नाही, निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येतेय, लाल म्हणजे शर्यत थांबली. पहिल्या पाच लॅपमध्ये कोणालाही मागे टाकायचं नाही, फक्त ट्रॅक बघायचा.

वडिलांनी कुंपणाला लटकून ओरडू नये. हेल्मेटमध्ये काही ऐकू जात नाही, फक्त हातवारे दिसतात आणि पोराचं लक्ष वळणावरून उडतं. जे बोलायचं ते गाडी थांबल्यावर, पाणी पिऊन झाल्यावर.

पावसाळ्यात बरेच भाड्याचे ट्रॅक बंद असतात, तेव्हा जाण्याआधी फोन करून घ्यावा. उघडीप मिळून ट्रॅक ओलसर असताना चालवायची संधी आली तर मात्र सोडू नये. ओल्या डांबरावर दाबून नाही, हळुवार पायाने वेग मिळतो, आणि निसरड्या बांधावर ट्रॅक्टर सांभाळलेल्या पोराला ते इतरांपेक्षा लवकर कळतं.