सूर्य होताच, पुढारी उशिरा आले

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, तुम्ही जिथे असाल तिथे आसपासच्या छपरांवर सौर पॅनेल दिसत असतील. आज सौरऊर्जेचं कौतुक न करणारा पुढारी शोधून सापडणार नाही. पण हे वरातीमागून आलेलं घोडं आहे, आणि त्या उशिराची किंमत आपण अजून मोजतोय.

१९८८ साली मी लडाखमधल्या एका चौकीवर कॅप्टन होतो. रॉकेलचे जेरीकॅन खेचरांवरून यायचे, शेवटची चढण हमालांच्या पाठीवर. डोक्यावर लख्ख ऊन, आणि वायरलेसची बॅटरी चार्ज करायला मात्र जनरेटर. थंडीत तो सुरू करताना जवानांचे हात सोलून निघायचे. मला वाटायचं, यावर अजून उपायच निघाला नसेल. निवृत्तीनंतर वाचायला बसलो, तेव्हा कळलं की उपाय केव्हाच निघाला होता.

दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनं १९५० च्या दशकातच सौरचूल बनवली होती. १९७३ च्या तेलसंकटानं सगळ्यांनाच जाग आणली. १९७० च्या दशकातच साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कंपनीनं देशात सौर सेल तयार केला. १९८१ मध्ये आयोग, १९८२ मध्ये स्वतंत्र विभाग, १९९२ मध्ये मंत्रालय. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर पवनचक्क्या १९८० च्या दशकात फिरू लागल्या होत्या.

मग घोडं अडलं कुठे? मंत्रालयाच्या नावातच उत्तर आहे. २००६ पर्यंत ते ‘अपारंपरिक’ ऊर्जेचं मंत्रालय होतं. अपारंपरिक म्हणजे पंगतीत शेवटचं पान. औष्णिक प्रकल्पाचं भूमिपूजन मोठं होतं, शेतीला फुकट विजेची घोषणा मतं आणते. गावातल्या सौरदिव्याची बॅटरी बदलायची तरतूद करून कोण निवडून येणार?

‘पॅनेल महाग होती,’ असं सांगतात. ते खरंच आहे. पण महाग वस्तू स्वस्त व्हायला कुणीतरी आधी विकत घ्यावी लागते. जर्मनीनं २००० साली कायदा करून सौरविजेला हमीभाव दिला. त्या बाजारासाठी चीननं कारखाने उभारले आणि भाव कोसळले.

आपलं राष्ट्रीय सौर मिशन आलं २०१० मध्ये. तेव्हा केंद्रीय आयोगानं ठरवलेला दर युनिटला जवळजवळ १८ रुपये होता. २०१७ मध्ये राजस्थानातल्या भडलाच्या लिलावात तो २ रुपये ४४ पैशांवर आला. २०२२ साठीचं २० हजार मेगावॅटचं उद्दिष्ट २०१५ मध्येच १ लाखावर नेलं होतं. तो टप्पा गाठायला २०२५ उजाडलं. श्रेय द्यायलाच हवं, काम मोठं झालं. पण पुढारी धावले ते भाव उतरल्यावर, आणि भाव उतरवले दुसऱ्यांनी.

म्हणून या क्षेत्रात आपण बरीच वर्षं मुख्यतः चिनी सेल आणि पॅनेलवर विसंबलो. ज्या सीमेवर मी रॉकेल मोजत पहारा दिला, त्याच सीमेपलीकडून. आता देशात कारखान्यांना प्रोत्साहन दिलं जातंय. चांगलंच आहे. पण सेल आपल्याला १९७० च्या दशकातही बनवता येत होता, हे विसरू नका.

फौजेत शिकवतात की रसद लढाई पेटण्याआधी पोहोचवायची असते. आज तीच वेळ बॅटरीची आहे. तुमच्या उमेदवाराला त्याबद्दल आत्ताच विचारा, भाव उतरायची वाट पाहू नका.

जय हिंद.