सत्ताविसावा रोजा आणि जिलबी

२०१२ च्या स्वातंत्र्यदिनी आमच्या शाळेच्या मैदानात जिलबीची दोन मोठी ताटे भरलेली तशीच राहिली. आम्ही तेव्हा नुकतेच बी.एड. करून मराठवाड्यातल्या एका उर्दू शाळेत लागलो होतो. झेंडावंदन झाले, राष्ट्रगीत झाले, ‘सारे जहाँ से अच्छा’ झाले आणि शिपाईमामा ताटे घेऊन रांगांमधून फिरू लागले. रमजानचा शेवटचा अशरा चालू होता. पहिली-दुसरीच्या मुलांनी हात पुढे केले. वरच्या वर्गांतली मुले-मुली मात्र मान हलवत राहिली. पाहुणे म्हणून आलेले एक स्थानिक पुढारी खुर्चीवरून हे पाहत होते. शेजारच्या गृहस्थांकडे वळून ते म्हणाले, “ह्यांना पंधरा ऑगस्टची जिलबी गोड लागत नाही वाटतं.” म्हणाले चेष्टेतच, पण माइक चालू होता.

आमचे मुख्याध्यापक सर जुन्या वळणाचे. ते उठले आणि तेवढ्याच चेष्टेच्या सुरात बोलले, “रोजा है साहब. शाम को खाएंगे, और घरवालों के साथ खाएंगे.” मग वर्तमानपत्राच्या पुड्या बांधून प्रत्येकाच्या दप्तरात जिलबी गेली. त्या संध्याकाळी आमच्या मोहल्ल्यात कितीतरी घरांच्या दस्तरखानावर खजुराच्या शेजारी पाकाने ओलसर झालेली ती पुडी होती. प्रसंग निभावला. पण आम्हाला चैन पडेना. रात्री तरावीहनंतर घरातली जुनी जंत्री काढून बसलो आणि १९४७ सालचा ऑगस्ट शोधला.

१५ ऑगस्ट १९४७ ला शुक्रवार होता. हिजरी सन १३६६, रमजानचा सत्ताविसावा रोजा, आणि जुम्मा तो अलविदाचा. इस्लामी हिशोबात रात्र आधी येते आणि दिवस नंतर. म्हणजे १४ ऑगस्टच्या मगरिबलाच सत्ताविसावी रात्र लागली होती. दिल्लीत घटना समितीची मध्यरात्रीची बैठक भरली तेव्हा या देशातल्या मशिदींत लोक शब-ए-कद्र समजून जागत होते. ज्या रात्री सारा देश जागा होता त्या रात्री आमचे आजोबा-पणजोबाही जागे होते, फक्त मुसल्ल्यावर. सकाळी गावोगावी मिठाई वाटली गेली, शाळकरी मुलांना खाऊ मिळाला. साखर तेव्हा कंट्रोलवर होती, रेशनच्या मापातून मिळायची, तेव्हा त्या मिठाईचे मोल आजच्यासारखे नव्हते. रोजेदाराने ती घेतली असेल आणि सूर्यास्तापर्यंत बाजूला ठेवली असेल. स्वतंत्र भारताची पहिली जिलबीसुद्धा आमच्या लोकांनी इफ्तारीलाच खाल्ली असणार, हे त्या पुढाऱ्यांना सांगायला हवे होते. ते आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हते, हाच आमचा दोष.

आणखी एका माणसाने त्या दिवशी दिवसभर काही खाल्ले नव्हते. गांधीजी कलकत्त्याच्या बेलियाघाटा भागात हैदरी मंझिल नावाच्या, एका मुसलमानाच्या मालकीच्या पडक्या घरात सुहरावर्दींसोबत मुक्कामाला होते. दिल्लीच्या सोहळ्याला ते गेले नाहीत. १५ ऑगस्ट त्यांनी उपवास, प्रार्थना आणि सूतकताई यांत घालवला. हाच दिवस महादेवभाई देसाईंच्या मृत्यूचाही. १९४२ साली पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये बंदिवासात ते गेले होते. तीन दिवसांनी, १८ ऑगस्टला, ईद आली. आदल्याच दिवशी रॅडक्लिफची रेषा जाहीर झाली होती आणि पंजाब जळत होता. कलकत्त्यात मात्र गांधीजींनी मोहम्मेडन स्पोर्टिंग क्लबच्या मैदानावर जमलेल्या हिंदू-मुसलमानांना ईद मुबारक म्हटले. त्या आठवड्यात देशात एका ठिकाणी शेवया शिजत होत्या आणि दुसऱ्या ठिकाणी चूलच उरली नव्हती.

आता जिलबीविषयी. कोल्हापुरात आणि बीडमध्ये पंधरा ऑगस्ट नि सव्वीस जानेवारीला जिलबी घरी न नेणारा माणूस विरळा. मुंबईतही या दोन दिवशी हलवाई दुकानाबाहेर मांडव टाकून कढया लावतात आणि सकाळपासून रांगा लागतात. हे कोणी ठरवले, कोणत्या साली सुरू झाले, याला कुठल्या जी.आर.चा आधार नाही. आमचा तर्क साधा आहे. पेढ्या-बर्फीला खवा लागतो, तो महाग आणि ऑगस्टच्या दमट हवेत लवकर बिघडणारा. जिलबीला मैदा, साखर आणि तळणीचे तूप किंवा तेल पुरते; पीठ रात्री भिजवून आंबवायचे की सकाळी एका कढईवर शंभर मुलांचा खाऊ निघतो. प्रभातफेरी संपेपर्यंत ती गरम असते. शाळेच्या शिल्लक फंडात बसणारी मिठाई हीच.

तिचे मूळ पाहिले तर गंमत वाटते. अरबीत ‘जलाबिया’, फारसीत ‘जुल्बिया’. दहाव्या शतकात बगदादच्या इब्न सय्यार अल-वर्राकने लिहिलेल्या पाकग्रंथात ती आहे, आणि इराणात आजही रमजानच्या इफ्तारीला जुल्बिया लागतेच. इकडे १४५० च्या सुमारास जिनसूर या जैन ग्रंथकाराच्या ‘प्रियंकरनृपकथा’ या ग्रंथात एका श्रीमंताच्या जेवणावळीत जिलबी वाढली जाते. पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी संस्कृत पोथ्या चाळून तिचा हा प्रवास लावून दाखवला. म्हणजे इफ्तारीची मिठाई जैन कथेतून संस्कृत पाकग्रंथांत गेली आणि तिथून झेंडावंदनाच्या ताटात आली. मुलांना आम्ही हे सांगतो तेव्हा ती जिलबीकडे जरा वेगळ्या नजरेने पाहतात, आणि मग खाऊन टाकतात.

पण वाचकहो, आम्ही मराठवाड्यातले. आमच्याकडे १५ ऑगस्ट १९४७ आलाच नव्हता. निजामाने जून १९४७ मध्येच स्वतंत्र राहण्याचे फर्मान काढले होते. त्या अलविदा जुम्म्याच्या दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकवणारे स्वामी रामानंद तीर्थ तुरुंगात गेले. मधल्या तेरा महिन्यांत रझाकारांनी गावेच्या गावे भयभीत केली, लुटली, माणसे मारली. हे आमच्या घरात कोणी नाकारीत नाही, नाकारू नये. विलीनीकरणाची बाजू घेणारे ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे संपादक शोएबुल्ला खान यांचा ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनीच हात तोडून खून केला. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा सोलापूरकडून नळदुर्गात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. तोही शुक्रवारच होता.

त्यानंतर काय झाले ते पंडित सुंदरलाल समितीने १९४८ च्या अखेरीस गावोगाव फिरून लिहिले. मेलेल्यांचा तिचा सावध अंदाज २७ ते ४० हजारांचा आहे, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आताचे धाराशिव, आणि नांदेड ही आपलीच नावे आहेत. तो अहवाल सामान्य वाचकांना पाहायला मिळाला २०१३ साली.

आमच्या नानी उस्मानाबाद जिल्ह्यातल्या. पोलीस ॲक्शनच्या वेळी त्या आठ-नऊ वर्षांच्या होत्या. त्यांचे एक चाचा त्या आठवड्यात घराबाहेर पडले ते परतले नाहीत. बाकीच्या घराला गावच्या पाटलांनी चार दिवस कडब्याच्या गंजीमागच्या खोलीत लपवले. पाटलीणबाई रात्री ज्वारीची भाकरी आणि पिठले आणून द्यायच्या, दिवा न लावता. नानी पंधरा ऑगस्टची जिलबी आवडीने खायच्या, दुसरीही मागायच्या. सतरा सप्टेंबरला आम्ही शाळेतून आणलेली जिलबी मात्र त्या फळीवर ठेवायच्या आणि “तुम खाव रे” म्हणायच्या. त्या दिवशी त्यांच्या घरात पिठले-भाकरी व्हायची. राग म्हणून नाही. पाटलीणबाईंची आठवण म्हणून, असे त्या सांगायच्या. चाचांचे नाव त्या घेत नसत. मुक्तीचा हा दिवस आमचाही आहे, हे आम्ही वर्गात ठासून सांगतो आणि शोएबुल्ला खानांचे नाव फळ्यावर उर्दूत नि मराठीत लिहितो. पण मुक्तिसंग्राम दिनाला आमच्या मोहल्ल्यातले काही बुजुर्ग मैदानाच्या कडेला गप्प उभे राहतात. त्यांना देशप्रेमाचे धडे देण्याआधी त्यांच्या घरी त्या दिवशी काय शिजते ते विचारावे.

आम्ही स्वतः लहान असताना, १९९८ ला, सव्वीस जानेवारी अशीच रमजानात आली होती. आम्ही अकरा वर्षांचे, रोज्याची नवी हौस. परेडमध्ये उभे राहून घसा कोरडा पडला होता आणि पुढच्या रांगेतल्या मित्राच्या हातातल्या जिलबीचा वास येत होता. त्या मित्राने, तो आमच्या गल्लीतल्या सुताराचा मुलगा, आपली अर्धी जिलबी कागदात गुंडाळून आमच्या खिशात कोंबली, “संध्याकाळी खा” म्हणून. आमच्या वाटणीची पुडी वेगळी मिळणारच होती. तरी आम्ही त्याची अर्धीच आधी खाल्ली. खिसा चिकट केला म्हणून अम्मीने रागावले ते वेगळे.

२०१२ नंतरच्या वर्षी १५ ऑगस्टच्या आधीच ईद झाली, आणि तेव्हापासून रमजान ऑगस्टातून मागे सरकत आता जानेवारीकडे निघाला आहे. जंत्रीच्या हिशोबाने २०२९ आणि २०३० या दोन्ही वर्षी सव्वीस जानेवारी रमजानात येईल. आम्ही मुख्याध्यापकांच्या कानावर ते आत्ताच घातले आहे. शाळेला जिलबी पुरवणाऱ्या हलवायालाही सांगून ठेवले आहे की त्या दोन वर्षी अर्धी कढई सकाळी लावावी आणि अर्धी असरनंतर. तो म्हणाला, असरनंतरची गरमच लागेल ना, मग मीच घेऊन येतो, माझीही पोरे तिथेच बसून खातील.